दोनदा नाही

आमच्यात दोनदा नाही म्हटलं की विषय संपतो. "नाही, अजिबात नाही!" म्हटल्यावर पुढं कुणी विचारत नाही. इंग्रजीत तसं नसतं, हे मला बाराव्या वर्षी कळलं, आणि तेही तीन दिवस उशिरा.

आबा, माझे वडील, अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. सांगलीकडून मद्रासला आलेले, मराठी सातवी पास. तमिळ बोलायला शिकले, पण ती अक्षरं काही त्यांना वाचता आली नाहीत. मला मात्र इंग्रजी शाळेत घातलेलं, त्यामुळं घरात इंग्रजी येणारी मी एकटी. कसली नोटीस आली, औषधाची बाटली आली, सगळं माझ्यापुढं. मी पण काही कमी नव्हते! शब्द अडला तरी अडला असं कबूल करायला जीभ रेटायची नाही, द्यायचे ठोकून.

त्या वर्षी कारखाना बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मामाचं पत्र आलं. गावाकडच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक जागा होती. आबांसाठी त्यानं शब्द टाकला होता, पण हो की नाही ते आठ दिवसांत कळवायचं होतं. आईनं तर मनातल्या मनात ट्रंकासुद्धा भरल्या. आबांचा पाय निघेना. इथं त्यांच्या लेथला दुसरा कुणी हात लावत नव्हता, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रविवारी सकाळी ते चहाच्या टपरीवरून इंग्रजी पेपर घेऊन आले. आतल्या पानावर कारखान्याबद्दल चार ओळी होत्या. पेपर माझ्यापुढं पसरून म्हणाले, "बंद करत्यात का न्हाई, तेवढं सांग."

ते वाक्य मला अजून पाठ आहे. 'द मॅनेजमेंट हॅज नॉट रूल्ड आउट क्लोजर ऑफ द युनिट.' 'रूल आउट' म्हणजे नाकारणं, हे बाईंनी नुकतंच शिकवलेलं. म्हणजे बंद करणं नाकारलं. आणि त्याच्या आधी आणखी एक 'नॉट'. तो मला जरा खटकला, खोटं कशाला बोलू? पण आबा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"नाही बंद करत," मी म्हटलं. "दोनदा नाही लिहिलंय."

"दोनदा?"

"हो. ठासून."

आबा मोठ्यानं हसले. आई तांदूळ निवडत राहिली. सोमवारी कामावर जाताना आबांनी मामाला नकाराचं पत्र टाकलं.

बुधवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'नॉट इम्पॉसिबल'. म्हणाल्या, म्हणजे शक्य आहे; दोन नकार एकमेकांना खोडतात. मी उठून विचारलं, मग 'नॉट रूल्ड आउट' म्हणजे काय? "होऊही शकतं," बाई म्हणाल्या. "बस खाली."

अजून वेळ होता. मामाला तार करता आली असती. बसमध्ये मी एकच घोकत आले, आबा, माझं चुकलं. घरी पोचले तर ते कारखान्यातल्या दोघांना बसवून सांगत होते, माझ्या लेकीनं पेपर वाचलाय, काही होत नाही, निवांत राहा. मला बघून म्हणाले, "आले बघा आमचे वकीलसाहेब!" मी दप्तर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. भित्री मेली! त्यांनी मारलं असतं का? कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. माराची भीती नव्हतीच, ते 'वकीलसाहेब' जाईल याची होती. गुरुवार गेला, शुक्रवारही गेला.

पोंगलनंतर कारखान्याला टाळं लागलं. मामाकडची जागा केव्हाच भरली होती. आबा मद्रासमधल्याच जॉर्ज टाउनच्या एका गोदामावर राखणीला लागले. केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस, दिवसभर स्टुलावर बसून पोत्यांकडं बघत राहायचा. वेळेवर गावी का नाही गेलात, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पेपरवाल्यांनी खोटं छापलं. माझ्या पोरीनं बरोबर वाचलं हुतं." दर वेळी मी उठून आत जायचे.

दहाएक वर्षांनी मला बघायला पाहुणे आले. मी आत चहा गाळत होते आणि बाहेर आबांनी तेच काढलं. "पेपर चुकला, ही न्हाई." मला सोसेना. गाळणी खाली ठेवून आईला म्हटलं, "आज सांगून टाकते त्यांना. पेपर बरोबर होता. मीच चुकीचं वाचलं."

आई माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. "ठाऊक हाय मला," म्हणाली. "टाळं लागलं तवाच म्या त्यो पेपर शेजारणीकडनं वाचून घेतला हुता."

"मग तू त्यांना का नाही..."

"गप बस. नोकरी गेली, गावाकडं जायचं ऱ्हायलं. माझी लेक चुकत न्हाई, एवढंच उरलंय त्यांच्याकडं. ते बी काढून घेतीस व्हय?"

मी ट्रे उचलला आणि बाहेर गेले. कप हातात घेत मुलाच्या वडिलांनी विचारलं, "इंग्रजी पेपर वाचायचीस म्हणे एवढीशी असताना. सगळं कळायचं?"

आबा माझ्याकडं बघत होते.

"हो," मी म्हटलं. "सगळं."