जाऊन-येऊन, भागिले दोन

आमच्या वारज्याच्या दोन खोल्यांत गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे हिंजवडीच्या कंपनीनं ताईला सहा महिन्यांसाठी न्यूयॉर्कला पाठवायचं ठरवलं, तेव्हा ‘आपली माणसं त्यांच्या घड्याळावर राबणार’ हे भाषण माझ्याकडे तयार होतं. ते मी केलं नाही. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, आणि त्यांची नात विमानात बसणार होती. तिनं जायलाच हवं होतं.

अडलं होतं आईपाशी. आदल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. तिचा प्रश्न एकच, “मला काही झालं, तर ही किती तासांत येईल?”

रविवारी सकाळी ताईनं तिकिटाचा कागद तिच्या हातात दिला. मुंबईहून रात्री अकराला निघायचं, तिकडे पहाटे पाचला पोचायचं. आईनं बोटांवर तास मोजले.

“सहाच तास? अगं, आपलं नागपूर याहून लांब आहे! जा की मग.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिकडची घड्याळं मागे असतात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. दोघीही गप्प बसलो. अन्यायाविरुद्ध रोज पान पान लिहिणारी मी कपातल्या चहाकडे बघत राहिले.

बाबांनी चष्मा लावला. त्यांची नोकरी बस आगारात वेळापत्रकं बसवण्यात गेली होती. “परतीचं दाखव.”

तिकडून रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला मुंबई.

“जाताना सहा, येताना चोवीस? एवढा चढ कुठल्या घाटाला नसतो.” त्यांनी कागद उलटा केला. घाटातली गाडी चढताना रेंगाळते, उतरताना पळते, म्हणून आगारात दोन्ही खेपा मिळवून निम्म्या करत. “तीस. निम्मे पंधरा. घड्याळाचा घोळ दोन्हीकडून कटला.”

मी थक्क झाले. पृथ्वीचा गोल समोर न ठेवता त्यांनी तिची फेरी सोडवली होती. पण ते थांबले नाहीत. पुणे-मुंबई, विमानतळावरचं ताटकळणं, सगळं मांडलं. “घरापासून घरापर्यंत तेवीस-चोवीस. तेही तिकीट लगेच मिळालं तर.”

“बाबा, कशाला?” ताई पुटपुटली.

“पुणं एका रात्रीवर आहे, असं मी माझ्या आईला सांगून निघालो होतो. ती वाट बघत राहिली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.” मग आईकडे वळून म्हणाले, “ही वेळेवर पोचणार नाही. पण तिनं जावं असं मला वाटतं.”

सभांमधून मी खऱ्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. आपल्याला हवं ते हातातून जाईल हे दिसत असताना खरं बोलणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आई म्हणाली, “अहो, सहा तासांवर विश्वास ठेवला असता, तर रोज दाराकडे बघत बसले असते मी.” तिनं कागद ताईकडे सरकवला. “परतीची तारीख वाच. मोठ्यानं.”

ताईनं वाचली.

“परत एकदा.”

ताईनं पुन्हा वाचली. आई म्हणाली, “तोवर मी गोळ्या वेळेवर घेईन. तू मात्र तारीख पुढे ढकलू नकोस.”