सुनंदाची अंतिम प्रत

नानांचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची प्रात्यक्षिकं घेत होते. "ताई, सुनंदा गेली," एवढंच ते म्हणाले. असोद्याला, तिच्या माहेरच्या गावी पोचेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली... तिला हे माहीत होतं.

सुनंदा माझी एमएस्सीपासूनची मैत्रीण. ती जळगावात वनस्पतिशास्त्र शिकवायची. केळीच्या रोगावरचं काम आम्ही दोघींनी मिळून केलं. पण त्यातली नजर तिची. वरून धडधाकट दिसणाऱ्या झाडाच्या कंदातही रोग असू शकतो आणि तोच कंद लावला की पुढची बाग हातची जाते, हे तिनं तपासून दाखवलं होतं. नाना म्हणजे तिचे थोरले भाऊ. त्यांना तिनं घरचे कंद लावू नका म्हणून परोपरीनं सांगितलं. "पान तं हिरवंगार आहे. रोग कुठी आहे, मले दाखव," असं म्हणत त्यांनी लागवड उरकली.

एका संशोधन परिषदेनं आमचा शोधनिबंध स्वीकारला आणि अंतिम प्रत मागवली, तेव्हा एका रविवारी तिनं मला जळगावला बोलावून घेतलं. दार उघडलं तर ती ओळखू येईना, इतकी वाळलेली. "पित्त झालंय," म्हणाली आणि संगणकापुढे बसली. निबंध ठरलेल्या पानांत बसत नव्हता. परीक्षकांनी कंदांचा भाग आटोपता घ्या असं सुचवलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही. प्रस्तावना छाटली, आभार काढून टाकले, संदर्भांतला एकेक स्वल्पविराम तपासला. मग पत्रव्यवहारासाठी दिलेला स्वतःचा ईमेल पुसून तिथं माझा टाकला.

"हे कशाला? मुख्य लेखक तू आहेस," मी म्हणाले.

"लोक प्रश्न विचारतील. उत्तर द्यायला कुणीतरी हवं."

"तू आहेस की."

ती माझ्याकडे न बघता छायाचित्राखालची ओळ सरळ करत राहिली. शेवटी पडद्यावर सूचना आली. तिनं ती मोठ्यानं वाचली, "यानंतर कोणताही बदल करता येणार नाही." आणि बटण दाबलं.

तिच्या आजाराचं निदान केव्हाच झालं होतं, हे वहिनींनी, नानांच्या बायकोनं, मला दहाव्याला सांगितलं. मला कळवायचं नाही अशी तिची ताकीद होती. मी निबंध बाजूला ठेवून तिला दवाखान्यांतून फिरवत बसेन, असं तिला वाटत होतं. खरंच तसं केलं असतं मी.

परिषदेत निबंध मीच वाचला. आता फैजपूरकडून, कुठून कुठून विचारणा येतात. बऱ्याचदा सोबत फोटो असतो, हिरव्यागार झाडाचा... आणि काय उत्तर लिहावं लागणार हे मला आधीच कळतं.

गेल्या आठवड्यात असोद्याला गेले. नाना बागेत होते. सुनंदा पान उन्हाकडे धरून, एक डोळा बारीक करून शिरांमधून बघायची. नाना अगदी तसंच बघत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पानात फिकट पिवळ्या रेघा उतरल्या होत्या, बारीक, अजून लांबून न दिसणाऱ्या.

"दिसलं आता," ते हळूच म्हणाले, आणि पुढच्या झाडाचं पान धरलं.