चौथ्यांदा सुरुवात
अंड्यांचा रिकामा ट्रे दिसला की मला कासार आंबोलीची ती खोली आठवते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर असे ट्रे चिकटवून ऑफिसातले आम्ही चौघे वर्षभर एकच रॉक गाणं रेकॉर्ड करत होतो, निर्दोष होईपर्यंत. त्याच गावच्या गणपतीत ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. गिटारवर माझी बोटं घसरली आणि सवयीने मी ओरडलो, “थांबा, पुन्हा पहिल्यापासून!” असं तीनदा झालं. तेव्हा पुढे बसलेल्या गावातल्या एक मावशी म्हणाल्या, “आरं बाबांनो, सुरुवात पाठ झाली आमची. म्होरलं हाय का न्हाई?” अख्खा मांडव हसला. चौथ्यांदाही मी तिथेच चुकलो, पण लाजेखातर वाजवत राहिलो आणि गाणं चक्क संपलं. टाळ्या पडल्या. रेकॉर्ड झालेली चूक दर वेळी ऐकू यायची. मांडवातली ती चूक गेली कुठे, हे मला अजून कळलेलं नाही.