उघडून बघणारी गिरजाअक्का

गिरजाअक्का इंजिनाला कान लावायची. चालू इंजिनावर लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशी ती मन लावून ऐकायची. मग डोळे उघडून ठामपणे सांगायची, "व्हॉल्व्ह वाजायलाय." आणि जवळजवळ दर वेळेला ती चुकायची. व्हॉल्व्हचा काही संबंध नसायचा. कुठलातरी नट सैल असायचा, नाहीतर बॉनेटच्या आत तिचाच पाना विसरलेला असायचा.

हे मी मुद्दाम आधी सांगून टाकते, कारण आता लोक ती फार मोठी मेकॅनिक होती असं सांगत सुटतात. नव्हती. मी तिच्या आवारात भाड्यानं राहिले आहे, तिनं उघडलेल्या गाड्या मी रोज पाहिल्या आहेत. मी तिच्यावर जळायचे, अगदी मनापासून जळायचे, पण ते तिच्या हुशारीवर नाही. ती चुकायची आणि तिला कुणी काही म्हणायचं नाही, यावर मी जळायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवणं चालू होतं आणि आमच्यासारखी बदलीवर आलेली कुटुंबं खोल्या शोधत गल्लोगल्ली फिरत होती. ह्यांना नांदेडहून नव्या कलेक्टर कचेरीत पाठवलं होतं. माझं माहेर नांदेडचं, सासरही नांदेडचं; लातुरात आमच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. कुणीतरी गिरजाअक्काचा पत्ता दिला. आम्ही गेलो तेव्हा आवारातल्या लिंबाखाली एक मिलिटरी रंगाची जुनी जीप उभी होती आणि तिच्याखालून बाईचे दोन पाय बाहेर आले होते.

"खोल्या बगायला आलाव का?" पायांकडून आवाज आला. "कडी काढा आन् बगा की. ते राहू द्या आदी, त्यो लांबडा पाना जरा हिकडं सरकवा."

जेवून उठल्यावर स्वतःचं ताटही न उचलणारे आमचे हे पँटला लागेल, शर्टाला लागेल असा काही विचार न करता खाली वाकले आणि पाना दिला. त्याच क्षणी मला ही जागा नको वाटली. पण दुसरी मिळत नव्हती.

अक्का चाळिशी ओलांडलेली, उंच आणि हाडापेरानं मजबूत बाई. घराणं लिंगायत, बाजारात आडतीचं दुकान असलेलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि घाम पुसताना आडवा उमटलेला ग्रीसचा चौथा. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. जीपखाली शिरण्याआधी ती डबी चोळीत नीट सरकवायची, बाकी कशाचीही काळजी करायची नाही. जीप तिच्या वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, रेणापूर-मुरुडकडं माल बघायला जाण्यासाठी. वडील गेल्यावर भावांनी दुकान घेतलं, शेत घेतलं. अक्कानं राहतं घर आणि जीप मागितली. भावांना वाटलं, बरं झालं, भंगार गेलं.

लग्न झालं होतं तिचं, उदगीरकडं. वर्षभरात परत आली. नव्या आलेल्या बायका हळूच कारण विचारायच्या. अक्का हातातलं काम न सोडता सांगायची, "उलटं बसलं होतं वो. काढून घेतलं." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि अक्का खुशाल पुढचा नट फिरवायची. मलाही हसू आलं होतं पहिल्यांदा. मग रात्रभर वाटत राहिलं की आपल्याला असं एक वाक्य कधी बोलता येणार नाही.

ह्यांची एक जुनी मोटारसायकल होती, वडिलांकडून आलेली. पहिल्याच रविवारी ती सुरू होईना. अक्कानं पेचकस कानाला लावायचा प्रश्नच नव्हता, कारण इंजिनच बंद होतं. तरी तिनं लावला. "उघडून बगू," ती म्हणाली. हे तिचं बोधवाक्य. मग प्लग काढला, घासला, बसवला. कार्बोरेटर काढला, रॉकेलमध्ये धुतला, फुंकला, बसवला. दुपार झाली. एक स्क्रू उरला. अक्कानं तो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाली, "कंपनीनं जास्तीचा दिला असंल." शेवटी लक्षात आलं की पेट्रोलचा कॉकच बंद होता. तो उघडला आणि गाडी सुरू झाली. आणि हे हसले. अंगण दणाणेल असं हसले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मी ते हसणं पहिल्यांदा ऐकत होते. हे कचेरीत दुसऱ्यांनी लिहिलेले कागद तपासायचे आणि तीच नजर घेऊन घरी यायचे. पहिला घास घेऊन नुसतं "मीठ" म्हणायचे. मीठ जास्त की कमी, ते मी ओळखायचं. शर्टाच्या कॉलरला सुरकुती राहिली तर कॉलर माझ्यापुढं धरायचे, बोलायचे नाहीत. आणि इथं एका बाईनं अख्खा रविवार वाया घालवला, एक स्क्रू हरवला, तर त्यांना हसू येत होतं. त्या दिवशी मी वरणात मुद्दाम मीठ जास्त घातलं. "मीठ," हे म्हणाले.

त्यानंतर रविवार अक्काचे झाले. उलट्या बादल्यांवर दोघं बसायची, मध्ये इंजिन. लोक काही वावगं बोलले नाहीत, कारण फाटक सताड उघडं असायचं आणि गल्लीतली अर्धी बिऱ्हाडं तिथं डोकावून जायची. मलाही तसला संशय नव्हता. संशय असता तर भांडता तरी आलं असतं. माझ्या वाट्याचं काहीतरी दर रविवारी तिथं सांडत होतं आणि ते काय, हे मला नाव घेऊन सांगता येत नव्हतं.

मग पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षीही पडला नाही. नळाला पाणी येणं थांबलं, टँकर येऊ लागले, आणि पहाटेपासून रांगेत घागरी लावणं हे माझं काम झालं. एका रविवारी मी अशीच रांगेतून आलेली प्यायच्या पाण्याची कळशी झाकून ठेवली आणि जरा पडले. उठून पाहते तर कळशी नाही. बाहेर आले. जीपच्या गळक्या रेडिएटरला अक्कानं झाळून डाग दिला होता, ते अजून गळतं की नाही हे बघायला ह्यांनी ती त्यात ओतली होती. ते गळत होतं. लिंबाखालची माती ओली झाली होती आणि चिमण्या त्यात उतरल्या होत्या.

"मी म्हणले होते, डाग बसला," अक्का म्हणाली. "न्हाई बसला."

हे हसत होते. मला पाहिलं आणि थांबले.

त्या दिवशी मी घरात ह्यांना जे बोलले ते भिंतीपलीकडं ऐकू गेलंच असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबऱ्याशी भरलेला हंडा होता. अक्का स्वतः रांगेत उभी राहिली होती. आणि त्या दिवसापासून ती मोठ्या परातीत बसून, साबण न लावता आंघोळ करायची आणि ते परातीतलं पाणी रेडिएटरला ठेवायची. "जीप माझ्या आंगोळीवर चालती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सगळे हसायचे. मला मात्र तो भरलेला हंडा फार झोंबला. चुकायचं, आणि वर चांगलंही वागायचं, म्हणजे आमच्यासारख्यांनी रागवायचं तरी कुणावर?

शेवटी एका दुपारी, हे कचेरीत असताना, मी तिला सुनवायला गेले. वाक्यं मनात तयार होती. अक्का जीपखाली होती.

"वहिनी का? लई बरं झालं आलाव. वर बसा."

"मला बोलायचं आहे तुमच्याशी."

"वर बसून बोला की. पाय मोकळाच हाय न्हवं तुमचा?"

मी चढले. लुगडं सावरत, आयुष्यात पहिल्यांदा, स्टिअरिंगच्या मागं बसले. अक्कानं खालून समजावलं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वरून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा छोटा नट सैल करून हवा जाऊ द्यायची. नट आवळून होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही.

"दाबा," खालून आवाज आला. "धरा. धरा. आता सोडा." पुन्हा दाबा, धरा, सोडा. एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. माझ्या पोटरीला गोळे येत होते. मला खूप वेळानं लक्षात आलं की बोलायचं ते राहूनच गेलं. मी म्हटलं, "अक्का, आमचे हे," आणि ते म्हणताना पाय उचलला.

खालून फुस्स आवाज झाला. हवा परत आत गेली. मला ते कळलं आणि मी अंग आकसून बसले. घरी बसते तशी.

"गेली का आत?" अक्का म्हणाली आणि खो खो हसली. खालून तिचा हात वर आला, काळाकुट्ट, आणि तिनं माझ्या पावलावर थोपटलं. "जाऊ द्या. तिला बी आतच आवडायलंय. पुन्यांदा पहिल्यापासून करू."

मला रडू फुटलं. अक्का बाहेर आली नाही. खालीच पडून राहिली आणि माझं रडणं आवरेपर्यंत पाना जमिनीवर उगीच ठकठक वाजवत बसली. मग म्हणाली, "दाबा."

आपले हे इथं कशासाठी येतात ते त्या दिवशी मला समजलं. समजल्यानं जळणं कमी होईल असं वाटलं होतं. उलट ते दुप्पट झालं. आता मी ह्यांच्यावरही जळू लागले. आठवड्यातला अख्खा रविवार अक्का त्यांची, आणि मला फक्त चोरून काढलेल्या दुपारी. लुगड्याला ग्रीस लागलं की मी तव्याची काजळी लागली म्हणून सांगायचे. भीतीनं नाही, ते माझं होतं, वाटून घ्यायचं नव्हतं म्हणून. अक्कानंही ह्यांना कधी सांगितलं नाही. आणि एकदा दूधवाल्याच्या सायकलची साखळी ती उलटी बसवत होती, तर त्याच्याबरोबरही तसंच खो खो हसत होती. ते पाहून माझा दिवस नासला. माझ्यासाठी म्हणून तिच्याकडं वेगळं हसू नव्हतं.

पुढं आमची बदली परत नांदेडला झाली. निघताना अक्का फाटकापर्यंत आली. ह्यांना म्हणाली, "जाधवसाब, गाडी पावसात उबी करू नका." मला काहीच म्हणाली नाही, नुसता हात धरला. ते जास्त की कमी, याचा हिशोब मी कितीतरी वर्षं करत होते.

ती गेल्याचं कळलं तेव्हा ह्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. आम्ही लातूरला गेलो. त्यांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून, फुलांनी सजवून नेलं आणि समाधी दिली. भावाचा मुलगा आम्हाला भेटला. "अक्का तुमची लई याद काढायची," तो म्हणाला. तुमची म्हणजे कुणाची, ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. हे तिथं सगळ्यांदेखत रडले. मी मेले तर हा माणूस एवढा रडेल का, असं माझ्या मनात आलं. तसल्या जागी, तसल्या वेळी आलं.

परतताना अहमदपूरला गाडी बदलायची होती. स्टँडवर चहा घेत बसलो.

"अक्कापुढं चुकलं तरी काही वाटायचं नाही," हे एकाएकी म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"तुझ्यापुढं वाटतं."

"माझ्यापुढं?" मी म्हटलं. "आणि मीठ मीठ कोण करतं?"

"मी करतो. पण तू बोलत नाहीस ना. नुसती बघतेस." ते चहाच्या पेल्याकडं बघत होते. "त्या कळशीच्या दिवशी बोललीस, तेवढंच."

माझ्या हातातला चहा निवून गेला. एवढी वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात भिणारी मी एकटीच आहे. आणि हे बोलायला त्यांना अक्काला पोचवून यावं लागलं. जे तिला उलट्या बादलीवर बसल्या बसल्या मिळत होतं, ते मला ती गेल्यावर मिळालं. मला तिचा फार राग आला. तिला नुकतं पोचवून आलो होतो, तरी राग आला, हे खरं.

बस लागली, आम्ही चढलो. गाव मागं पडल्यावर कंडक्टर आला. "दोन नांदेड," हे म्हणाले.

"ही उदगीरला चाललीय, साहेब."

पाटी दोनदा वाचल्याशिवाय गाडीत पाय न ठेवणारा माणूस. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कंडक्टरकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मला नवीन नव्हतं. वरणाची वाटी पुढं सरकवून मी तशीच बघत आले होते. फक्त ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नव्हतं.

मी खिडकीबाहेर नजर वळवली. मग कंडक्टरला म्हटलं, "दोन उदगीर द्या. मी कुठं पाहिलंय उदगीर?"

आधी त्यांना खरं वाटेना. मग हे हसले, बसमधली माणसं वळून बघतील असं. हसता हसता डोळे पुसत होते. ते हसणं सगळं माझंच होतं असं मी धरून चालते. थोडं अक्काचंही असणार त्यात. पण तेवढंसुद्धा तिला द्यायचं माझ्या अजून जिवावर येतं.