मरुंदु की मरंदु

इंग्रजी अमदानी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे रघोजीमामा कीर्तनं करीत. गळा गोड, पाठांतर अफाट, पण चित्त थाऱ्यावर असेल तर शपथ! रामनवमीच्या उत्सवात सीताकल्याणाचं, म्हणजे सीतेच्या लग्नाचं, आख्यान लावलं की भिंतीवरची पाल चुकचुकायची, मामा पालीची गोष्ट सांगू लागायचे, आणि राम बिचारा धनुष्यापाशी ताटकळत उभा. लग्न लागायच्या आत लोक घरी. शेवटी उत्सवाचे यजमान नटराजराव चिडले. "औंदा लग्न लागलं नाही, तर पुढच्या वर्षी कुंभकोणमचे बुवा आणतो!" मामा हसले खरे, पण त्या दिवशी पानावरून तसेच उठले. कीर्तन गेलं तर त्या माणसाजवळ उरणार काय?

माझा भाऊ शेषाद्री नुकताच मद्रासहून डॉक्टर होऊन आला होता. त्यानं मामांचं चित्त टिकावं म्हणून त्यांना उत्तेजक गोळ्या दिल्या. जयलक्ष्मीमामी कडाडली, "आधीच मर्कट, त्यात मद्य पाजतोस?"

"मामी, बैल चपळ आहेत, गाडीवान पेंगलाय. गोळी गाडीवानाला जागं करते."

मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारी द्रव्यं असतात, ती गोळीनं वाढतात आणि आवर घालणारा भाग सावध होतो, हे मला पुष्कळ पुढे समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की मामांनी एका बैठकीत टोपलीभर शेंगा सोलल्या. भूक मात्र मेली, तोंडाला कोरड पडली. आणि विसराळू माणसाला गोळीची आठवण कोण देणार? मामी दिवसभर मागे लागायची, "मरुंदु?" तमिळमध्ये मरुंदु म्हणजे औषध.

रामनवमीच्या कीर्तनात रामानं धनुष्याला हात घातला आणि मामा पाणी प्यायला थांबले. मामीचा धीर सुटला. बायकांतून तिनं हाक मारली, "मरुंदु?"

लोकांनी ऐकलं "मरंदु", म्हणजे विसरले! झालं. "धनुष्य, बुवा, धनुष्य!" सगळा मंडप ओरडू लागला. मृदंगवाला हसून बेजार. त्यात वरून पाल चुकचुकली. आता मामा हरवणार!

मामांनी पालीकडे पाहिलं. मग चिपळ्या उचलल्या.

"रामानं धनुष्याला हात घातला," ते शांतपणे म्हणाले, "आणि उचललं."

मामी पदराआड रडली. मीही रडले. लग्न लागलं, अक्षता पडल्या. नटराजराव उठून म्हणाले, "बुवा, पुढच्या वर्षीही तुम्हीच." मग जरा घुटमळले.

"आता ती पालीची गोष्ट सांगा की."