वीस पावलं

येडगाव धरणाचं पाणी पहिल्यांदा आमच्या शिवारात पोचलं, त्या दिवशी उपसा सिंचन संस्थेच्या अध्यक्षांनी भाषण केलं. बाया पाणी पुजायला आल्या होत्या, त्यांत माझी बायकोही होती. सारा गाव पेढे खायच्या घाईत. आणि हे गृहस्थ म्हणतात कसे, "आता ऊस वाढंल. उसात बिबट्या शिरला तर दिसायचा न्हाई. घराभवती वीस पावलं रान मोकळं ठेवा."

मागून मी ओरडलो, "पाणी सोडा राव, पावलं काय मोजताय!" आणि टाळ्या सुरू केल्या. वक्त्याला खाली बसवायच्या टाळ्या कशा असतात, ते आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. हात दुखेपर्यंत वाजवल्या. अध्यक्ष भाषण अर्धवट टाकून बसले. पुढच्या निवडणुकीत घरीच बसले. नंतर कित्येक वर्षं कुणी जास्त शहाणपणा केला की आम्ही त्याला 'वीस पावलं' म्हणायचो. मी तर ऊस मागच्या मोरीपर्यंत लावला.

बायको दर उन्हाळ्यात म्हणायची, "कुरडया घालायला अंगण नाय. घराभवती जरा मोकळं ठेवा की." मी हुशार. एकही सरी न सोडता तिला स्लॅब टाकून गच्ची करून दिली. ती गप्प झाली.

गेल्या हिवाळ्यात, दिवस मावळताना ती मोरीवर भांडी घासत होती. बिबट्याने तिला तिथूनच उसात नेलं.

यावर मला जास्त लिहिता येत नाही. तेव्हा आतून काही आलंच नाही. पिंजरा लागला, माणसं येऊन गेली, दहावं झालं, कुणी हातात दिलेला चहा मी पीत राहिलो. मुलाने घराभोवतीचा ऊस तोडला. बिबट्याने मान धरू नये म्हणून शेजारच्या बाया आता गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जातात. मी नुसता बघतो.

तीस वर्षांनी ते भाषण डोक्यात घोळायला लागलं. एका सकाळी अध्यक्षांकडे गेलो. वरातीमागून घोडं. पण त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. निदान काहीतरी लागलं असतं.

"त्या टाळ्या मीच चालू केल्या व्हत्या," मी म्हणालो.

"ठावं हाय." म्हाताऱ्याने मला बसायला घोंगडी सरकवली. मग म्हणाला, "सूनबाई, तुझी बायको, त्याच दिवशी भेटली व्हती मला. म्हणाली, तुमचं बराबर हाय. पर तुमचं नाव काढलं तर आमचे मालक ऐकायचे न्हाईत. मी आपलं कुरडयांचं निमित्त सांगते."

घरी येऊन गच्चीवर गेलो. ज्यावर ती कुरडया घालायची ते जुनं पातळ घडी करून विटेखाली ठेवलेलं होतं. खाली आणलं, ऊस तोडलेल्या रानात अंथरलं आणि कडेला बसलो. तिथं मला पहिल्यांदा रडू आलं.

आता जागाच जागा आहे.