देव जेवले की भगर मिळेल

आईला नवरात्राच्या उपासाला सातपुड्यातली भगर हवी होती. फोनवर मागवायला गेले तर तिथे लिहिलेलं, "माल तयार आहे. देव जेवले की मिळेल." आता हे काय नवीन? म्हटलं, जाऊनच बघू, आणि नाशिकहून एसटीत बसले.

नंदुरबारला उतरल्याबरोबर शिंकांवर शिंका. "नवी मिरची ई ऱ्हायनी ना ताई, नाकले रुमाल लावा," रिक्षावाला हसत म्हणाला. तिथून शहादा, वाटेत केळीच्या बागा, आणि पुढे धडगावची जीप. घाटात मागे बसू नका, गुडघे हनुवटीला लागतात.

ते "देव जेवले की" लिहिणारी रमिलाताई, पावरा आदिवासी. गावातल्या बायकांची भगर ती फोनवरून विकते. घरात रेंज नाही, म्हणून रोज टेकडी चढून ऑर्डरी बघते. मीही धापा टाकत मागोमाग गेले. वर पोचतोय तोच पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. गावची निम्मी भगर त्या एकट्यानंच मागवली होती.

"घटस्थापनेआधी माल द्या, नाहीतर ऑर्डर रद्द."

"नवाई नाय झाली साहेब."

नवाई म्हणजे नवं धान्य आधी देवाला द्यायची पूजा. ती होईपर्यंत ते कुणीच खायचं नाही, आणि गावानं ठरवलेला दिवस घटस्थापनेनंतरचा होता.

"अहो, तुम्ही खाऊ नका. आम्हाला पाठवायला काय हरकत आहे?"

"तुमी देवासाठीच उपास करता ना? मग आमच्या देवाला आधी जेवू द्या."

ऑर्डर गेली. माझाच जीव तुटला. "गुपचूप पाठवायची ना बाई," मी बोलून गेले. तिनं फोन शेताकडे धरून घरगुती गिऱ्हाइकांसाठी व्हिडिओ केला, "भगर देवाच्या आधी कोणाला नाय. थांबता येईल त्यांनी थांबा." आणि पाठवून मोकळी झाली. उतरल्यावर तिनं गेल्या वर्षीच्या ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. मी दोनदा मागून घेतली.

घरी आईनं नऊ दिवस साबुदाण्यावर काढले आणि माझं डोकं खाल्लं. दसऱ्यानंतर पाकीट आलं. वर मार्करनं लिहिलेलं, "देव जेवले. आता तुमी बसा." उपासाशिवाय कधी भगर न शिजवणाऱ्या आईनं ती त्याच दुपारी केली, आधी देवापुढे ठेवली, आणि जेवता जेवता म्हणाली, "अजून दोन पाकिटं मागव."

मी फोन उघडला. "सगळी भगर संपली. पुढच्या नवाईनंतर या."

पुण्याची ऑर्डर जाऊनही सगळी खपली, इतका आनंद झाला म्हणून सांगू! आईला वाचून दाखवलं.

"मग थांबू की," ती म्हणाली.